लिव्हर बदललं, आणि आता पॅन्क्रियाजमध्ये सिस्ट निघाली

मागच्या अंकात लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरच्या तपासण्यांवर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य होतं की एमआरआयमध्ये कधीकधी पॅन्क्रियाजमध्ये, म्हणजे स्वादुपिंडात, छोटी सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, दिसते आणि तिचा फॉलोअप ठेवावा लागतो. बाकी सगळा लेख राहिला बाजूला आणि पत्रं आली ती या एका वाक्यावरच. त्यातली काही इथे घेतोय. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (सांगली): डॉक्टर, माझ्या सासऱ्यांचं वय 63, फॅटी लिव्हरमधून सिरॉसिस झाला होता, तीन वर्षांपूर्वी ट्रान्सप्लांट झालं, लिव्हर माझ्या मिस्टरांनीच दिलं. तब्येत एकदम छान. पण यंदाच्या एमआरआयमध्ये पॅन्क्रियाजमध्ये 14 मिलिमीटरची सिस्ट आली, "साइड ब्रँच आयपीएमएन असण्याची शक्यता" असं लिहिलंय. आमचे डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी बघू. पण नात्यातले एक जण मेडिकल लाइनमध्ये आहेत, ते म्हणतात इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालू आहेत म्हणजे ही कॅन्सरमध्ये फटकन बदलणार, आत्ताच काढून टाका. पॅन्क्रियाजच्या कॅन्सरने पर्रीकर साहेबांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे घरात कोणाला झोप नाही. खरंच काढायला हवी का?

उत्तर: ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. आता का ते सांगतो, जरा लांबेल, पण बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तरही यातच येतंय.

पॅन्क्रियाजमधल्या सगळ्या सिस्ट एका जातीच्या नसतात. काहींना कॅन्सरचा धोका जवळजवळ नसतोच, उदाहरणार्थ सीरस सिस्ट, किंवा पॅन्क्रियाजला सूज येऊन गेल्यावर राहिलेलं पाणी. काहींच्या आत चिकट म्यूकस तयार करणारं अस्तर असतं, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. आयपीएमएन ही त्यातलीच. पॅन्क्रियाजमधून पाचक रस वाहून नेणारी एक मुख्य नळी असते आणि तिला बारीक बारीक फांद्या असतात. सिस्ट फांदीत असेल तर साइड ब्रँच. एमआरसीपीचा, म्हणजे पित्तनळी आणि पॅन्क्रियाजची नळी दाखवणाऱ्या एमआरआयचा, फोटो मागून बघा, मुख्य नळी बारीक पांढऱ्या रेघेसारखी दिसते आणि सिस्ट तिला देठाने लटकलेल्या द्राक्षासारखी. मुख्य नळीच आजारी असेल, फुगली असेल, तर प्रकरण गंभीर, त्यात ऑपरेशनची गोष्ट लवकर निघते. तुमच्या सासऱ्यांच्या रिपोर्टची तुम्ही कॉपी जोडलीत त्यात मुख्य नळी 2 मिलिमीटर लिहिलीये, म्हणजे नॉर्मल, आणि सिस्टच्या आत गाठ नाही, भिंत जाड नाही. खरं तर 14 या आकड्यापेक्षा या तीन गोष्टी मी आधी वाचतो, पण घरी सगळ्यांचं लक्ष आकड्यावरच जातं.

अशा सिस्ट किती कॉमन आहेत याचा लोकांना अंदाज नसतो. पूर्वी दिसायच्या नाहीत कारण कोणी बघत नव्हतं. आता दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये त्या सर्रास सापडतात, वय वाढेल तशा जास्त, आणि ट्रान्सप्लांटच्या पेशंटचं तर आधी आणि नंतर इतकं स्कॅनिंग होतं की सापडणारच. अमेरिकेतल्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून जो हिशोब मांडला त्यात पॅन्क्रियाजच्या सिस्टचं कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याचं प्रमाण वर्षाला 0.24 टक्के निघालं. हजार जणांमागे वर्षाला दोन ते तीन. शून्य नाहीये, म्हणूनच फॉलोअप. पण फटकन वगैरे काही नाही.

आता तुमच्या नातेवाईकांचा मुद्दा. तो अगदीच हवेतला नाही, कारण ट्रान्सप्लांटनंतर एकूण कॅन्सरचा धोका वाढतो हे खरंच आहे. अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांच्या आसपास ट्रान्सप्लांटचा डेटा 2011 मध्ये छापून आला, त्यात किडनी, लिव्हर, हार्ट, लंग सगळे धरून कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या साधारण दुप्पट होतं. पण ही दुप्पट सगळीकडे सारखी वाटलेली नाही. इम्युनिटी दाबली की जे कॅन्सर जोरात वाढतात त्यातले बरेचसे व्हायरसशी जोडलेले असतात, जसा एपस्टीन बार व्हायरसमुळे होणारा लिम्फोमा, नाहीतर गोऱ्या लोकांमध्ये उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर. शरीराची पहारा देणारी यंत्रणा या कॅन्सरना एरवी दाबून ठेवते, गोळ्यांमुळे ती ढिली पडते. पॅन्क्रियाजच्या कॅन्सरमागे असा कुठला व्हायरस सापडलेला नाही आणि तिथली वाढ त्या मानाने किरकोळ आहे.

आणि नेमका हाच प्रश्न, म्हणजे लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्यांची आयपीएमएन जास्त वेगाने बिघडते का, हा अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्ससह काही सेंटरनी तपासलाय. तसं काही दिसलं नाही, ट्रान्सप्लांट न झालेल्या लोकांच्या सिस्ट जशा वागतात तशाच याही वागल्या. हे अभ्यास छोटे आहेत, पेशंट मोजके, वर्षं मोजकी, तेव्हा त्यावर डोळे मिटून झोपा असं मी म्हणणार नाही. पण 2018 च्या युरोपियन गाइडलाइनमध्येही हेच आहे की ट्रान्सप्लांटच्या पेशंटचा आयपीएमएनचा फॉलोअप बाकीच्यांसारखाच ठेवायचा.

"आत्ताच काढून टाका" म्हणजे काय करायचं तेही बघा ना. सिस्ट पॅन्क्रियाजच्या डोक्याच्या भागात आहे, म्हणजे व्हिपल ऑपरेशन. पॅन्क्रियाजचं डोकं, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, पित्तनळीचा खालचा भाग हे सगळं काढून आतडं तीन ठिकाणी जोडायचं. पहिल्यांदाच पोट उघडलेल्या धडधाकट माणसातसुद्धा, चांगल्या सेंटरमध्ये, शंभरात दोन-तीन जण दगावतात आणि तिघातल्या एकाला तरी काही ना काही कॉम्प्लिकेशन येतं. इथे तर आधी ट्रान्सप्लांट झालंय, आत सगळं चिकटलेलं असणार, नव्या लिव्हरची रक्तवाहिनी आणि पित्तनळीचा जोड त्याच शेजारात. वर्षाला हजारात दोन-तीनचा धोका टाळायला एका फटक्यात शंभरात दोन-तीनचा धोका पत्करायचा, तोही कमीत कमी, हा हिशोब त्या नातेवाईकांना दाखवा.

एक मात्र कडक शब्दात सांगतो. या भीतीने कोणी टॅक्रोलिमसचा, म्हणजे इम्युनिटी दाबायच्या गोळीचा, डोस स्वतःच कमी करू नका. "एक दिवसाआड घेतली तर इम्युनिटी थोडी वाढेल ना" असं विचारणारी दोन पत्रं आलीत, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून. रिजेक्शन आलं, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारलं, तर जो नवराबायकोचा, मुलाचा नाहीतर ब्रेनडेड दात्याच्या घरच्यांचा एवढा मोठा त्याग आहे तो मातीत जाईल, आणि सिस्टला त्याने काडीचा फरक पडणार नाही.

प्रश्न (नाशिक): माझं ट्रान्सप्लांट होऊन पाच महिने झाले. आधी शुगर नव्हती, आता जेवणानंतर 240 च्या पुढे जाते. एमआरआयमध्ये पॅन्क्रियाजमध्ये 9 मिलिमीटरची सिस्ट आहे. मी वाचलं की अचानक डायबिटीस होणं हे पॅन्क्रियाजच्या कॅन्सरचं लक्षण असतं. घाबरून लॅबच्या पॅकेजमध्ये सीए 19-9 करून घेतली, ती 58 आली, नॉर्मल 37 च्या खाली पाहिजे. आता पुढे काय?

उत्तर: आधी एक, सीए 19-9 ही रक्तातल्या कॅन्सर मार्करची टेस्ट अशी पॅकेजमध्ये घेऊन करायची नसते. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये तर नाहीच. हा मार्कर पित्तनळीत अडथळा असेल, तिथे इन्फेक्शन असेल, कावीळ असेल तरी वाढतो, आणि ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या वर्षात पित्तनळीच्या जोडावर थोडं आकसणं हा अगदी नेहमीचा प्रॉब्लेम आहे. त्यामुळे 58 पाहून मी आधी तुमचं बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्त अडलंय का ते सांगणाऱ्या टेस्ट, बघेन, पॅन्क्रियाज नंतर. उलट बाजूही आहे, शंभरातल्या पाच-दहा लोकांच्या शरीरात हा मार्कर तयारच होत नाही, त्यांचा रिपोर्ट कॅन्सर असला तरी नॉर्मल येणार. म्हणजे नॉर्मल आली म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही आणि वाढली म्हणून रडण्यात पण.

आता शुगर. तुम्ही वाचलंत ते खरं आहे पण ते ट्रान्सप्लांट न झालेल्या माणसासाठी लिहिलेलं आहे. पन्नाशीनंतर नव्याने डायबिटीस झालेल्या शंभर जणांमध्ये पुढच्या तीन वर्षांत साधारण एकाला पॅन्क्रियाजचा कॅन्सर निघतो, आणि 2024 मध्ये आलेल्या आयपीएमएनवरच्या आंतरराष्ट्रीय क्योटो गाइडलाइनमध्ये सिस्ट असलेल्या माणसाला वर्षभरात नवीन डायबिटीस झाला तर त्याला काळजीची खूण मानलंय. पण तुम्ही पाच महिने टॅक्रोलिमस घेताय, सुरुवातीला स्टिरॉइड पण घेतलं असणार. टॅक्रोलिमस इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींना दाबतं, स्टिरॉइड इन्शुलिनला काम करू देत नाही. ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या वर्षात शुगर वाढणं इतकं कॉमन आहे की त्याला पोस्ट ट्रान्सप्लांट डायबिटीस असं वेगळं नावच आहे. तुमची शुगर बहुतेक त्यातलीच. मी वेळ बघतो. गोळ्या सुरू झाल्यावर, डोस वाढवल्यावर, रिजेक्शनसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिल्यावर शुगर चढली तर कारण समोर आहे. पण चार वर्षं सगळं स्थिर, डोस तोच नाहीतर कमी केलेला, आणि अचानक शुगर हाताबाहेर गेली, सोबत पँट ढिली व्हायला लागली, भूक गेली, पाठीत दुखतंय, तर मग ती शुगर टॅक्रोच्या नावावर ढकलून द्यायची नाही, पॅन्क्रियाजचा नीट स्कॅन मागायचा. ही चूक डॉक्टरांकडूनही होऊ शकते कारण "ट्रान्सप्लांट आहे, शुगर वाढणारच" हे वाक्य आमच्या तोंडात बसलेलं असतं. तेव्हा वजन दर महिन्याला वहीत लिहून ठेवा आणि ओपीडीत आम्हाला दाखवा, आम्ही विचारलं नाही तरी.

प्रश्न (पुणे): मी 34 वर्षांची आहे. बाबांना लिव्हर द्यायचंय. माझ्या डोनर तपासणीत एमआरसीपीवर पॅन्क्रियाजमध्ये 6 मिलिमीटरची सिस्ट दिसली. मी बाद होणार का? आणि माझ्याकडून बाबांना कॅन्सर जाईल का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं आधी: बाबांना तुमच्या लिव्हरचा तुकडा मिळणार, पॅन्क्रियाज तुमच्याकडेच राहणार. सिस्ट लिव्हरमधून प्रवास करत नाही.

पहिल्याचं उत्तर तुमची टीमच देईल, पण विचार कसा होतो ते सांगतो. 6 मिलिमीटरची साधी सिस्ट, नळी बारीक, आत काही नाही, यावरून सहसा दान अडत नाही. मात्र तुमच्या वयात अशा सिस्ट साठीतल्या माणसाच्या मानाने कमी दिसतात, त्यामुळे टीम थोडी चौकस राहील. घरात कोणाला पॅन्क्रियाजचा कॅन्सर होता का विचारतील, किडनीत किंवा लिव्हरमध्ये पण सिस्ट आहेत का बघतील कारण काही आनुवंशिक आजारांत सगळीकडेच सिस्ट येतात. बाबांचा आजारच पॉलिसिस्टिक प्रकारचा असेल तर मग तुमच्या या सिस्टचा अर्थ पूर्ण बदलतो, हे आवर्जून विचारा. कदाचित एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (ईयूएस) करतील. हे सगळं तुम्हाला वाचवायला असतं, तुमच्यावर संशय म्हणून नाही. आणि दान झालं तरी त्या सिस्टचा फॉलोअप तुमच्या स्वतःच्या नावाने सुरू ठेवा. घरात सगळे बाबांच्या फायलीमागे धावत असतात आणि डोनर मुलीची फाइल कपाटात जाते, हे मी फार वेळा पाहतो.

प्रश्न (कोल्हापूर): मिस्टरांना दारूमुळे सिरॉसिस आहे, दीड वर्षापासून दारू पूर्ण बंद. ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवर आहेत. पॅन्क्रियाजमध्ये साडेतीन सेंटिमीटरची सिस्ट आहे म्हणून हॉस्पिटलने ईयूएस करायला सांगितलंय. पोटात पाणी, प्लेटलेट 48 हजार. हे करताना काही झालं तर? आणि कॅन्सर निघाला तर नाव काढून टाकतील का?

उत्तर: वहिनी, तुमचा प्रश्न या सगळ्यात अवघड आहे.

दारूने लिव्हरसोबत पॅन्क्रियाजलाही सूज येते, अनेकदा पेशंटला "ॲसिडिटी झाली होती" एवढंच आठवतं. त्या सुजेनंतर पाण्याची पिशवी राहते, तिला स्यूडोसिस्ट म्हणतात आणि ती कॅन्सर नाही, होतही नाही. मिस्टरांची सिस्ट तीच असण्याची बरीच शक्यता आहे. पण 3 सेंटिमीटरच्या वरची असल्यामुळे नुसत्या अंदाजावर सोडता येत नाही, म्हणून ईयूएस. तोंडातून एंडोस्कोप जठरात जातो, त्याच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो, पॅन्क्रियाज जठराच्या अगदी मागेच असल्याने फार स्वच्छ दिसतं. नुसतं बघण्यात धोका कमी आहे. गरज वाटली तर बारीक सुईने पाणी काढतात. ते पाणी काचेवर घेतलं की पहिला अंदाज तिथेच येतो, स्यूडोसिस्टचं पातळ, बऱ्याचदा गढूळ तपकिरी असतं, म्यूकसवालं दोन बोटांत धरून ओढलं तर तार येते. मग लॅबमध्ये अमायलेज (पॅन्क्रियाजचं पाचक एन्झाइम), सीईए (एक मार्कर) आणि साखर. अमायलेज फारच कमी असेल तर स्यूडोसिस्ट नाही. साखर 50 च्या खाली किंवा सीईए 192 च्या वर असेल तर म्यूकसवाली असण्याचा कल. एवढं मात्र लक्षात घ्या की सीईए जास्त म्हणजे कॅन्सर असं नाही, ती फक्त सिस्टची जात सांगते.

सुई घालायची तर प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) आणि वाटेत फुगलेल्या शिरा बघूनच घालतात, पोटात पाणी असताना इन्फेक्शनची भीती म्हणून अँटिबायोटिक देतात. 48 हजार प्लेटलेटवर काय करायचं हे ते आधी ठरवतील, तुम्ही विचारा, "फक्त बघणार आहात की सुई पण घालणार?" हा एक प्रश्न विचारला तरी निम्मी भीती कमी होते.

नावाचं म्हणाल तर, साधी सिस्ट किंवा शांत साइड ब्रँच आयपीएमएन असेल तर त्यावरून ट्रान्सप्लांट थांबवायचं कारण नाही. सिस्ट संशयास्पद आहे पण कॅन्सर सिद्ध नाही अशा मधल्या परिस्थितीत टीम बसून ठरवते, कारण पोटात पाणी भरलेल्या सिरॉसिसमध्ये पॅन्क्रियाजचं मोठं ऑपरेशन जवळजवळ अशक्य असतं, म्हणून कधी कधी आधी लिव्हर आणि तब्येत सावरल्यावर पॅन्क्रियाज असा क्रम लावतात. कॅन्सर पक्का निघाला तर मात्र ट्रान्सप्लांट होत नाही. लिव्हरबाहेर कॅन्सर असताना इम्युनिटी दाबली तर तो पेशंटलाच मारक ठरतो. हे कडू आहे पण तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगितलं. साडेतीन सेंटिमीटर आणि दारूचा इतिहास एवढ्यावरून मला तरी तिकडे आत्ताच धाव घ्यावीशी वाटत नाही.

प्रश्न (ठाणे): स्टीव्ह जॉब्सला पॅन्क्रियाजचा कॅन्सर असूनही लिव्हर ट्रान्सप्लांट केलं होतं. मग तुम्ही लोक नाही का म्हणता?

उत्तर: त्यांचा आजार वेगळा होता. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, पॅन्क्रियाजमधल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा, जो सहसा खूप हळू चालतो. 2003 मध्ये निदान, 2009 मध्ये मेम्फिसला ट्रान्सप्लांट, 2011 मध्ये मृत्यू. हा ट्यूमर फक्त लिव्हरमध्ये पसरलेला असेल तर अगदी निवडक पेशंटमध्ये ट्रान्सप्लांट करतात. नेहमीचा पॅन्क्रियाजचा कॅन्सर, जो आयपीएमएनमधून होऊ शकतो, त्याला हे लागू नाही.

प्रश्न (सातारा): आमच्या इथे एक जण गुळवेल, पुनर्नवा आणि कांचनारचा काढा देतात, त्याने शरीरातल्या गाठी विरघळतात म्हणे. बायकोचं ट्रान्सप्लांट झालंय आणि सिस्ट पण आहे. नैसर्गिकच आहे तर द्यायला काय हरकत?

उत्तर: हरकत आहे, आणि मोठी आहे. गुळवेल इम्युनिटी वाढवते म्हणूनच विकली जाते ना? तुमच्या मिसेसची इम्युनिटी मुद्दाम खाली ठेवलीये, नवं लिव्हर टिकावं म्हणून. कोविडच्या लाटेत घरोघरी काढे चालू होते तेव्हा मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवून छापलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला, तो वाद तिकडे चालू दे, पण ट्रान्सप्लांटच्या पेशंटवर त्याचा प्रयोग घरी करायचं काही कारण नाही. मिश्र काढ्यात नक्की काय काय आणि किती आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि टॅक्रोलिमसची लेव्हल अशा गोष्टींनी वरखाली होते, लेव्हल चढली तर किडनीवर, उतरली तर रिजेक्शन. ग्रेपफ्रूट आणि पपनस सुद्धा याच कारणासाठी बंद असतं, तेही नैसर्गिकच आहे. सिस्ट कुठल्याही काढ्याने विरघळत नाही. स्यूडोसिस्ट कधी कधी आपोआप जिरते, आणि मग त्या वेळी जो काढा चालू असेल त्याचं नाव होतं.

प्रश्न (न्यू जर्सी): आईचं ट्रान्सप्लांट मुंबईत झालं, आता ती वर्षातले काही महिने माझ्याकडे असते. 16 मिलिमीटरची आयपीएमएन आहे. मुंबईचे डॉक्टर सहा महिन्यांनी बोलावतात, इथले म्हणतात दीड वर्षाने, एक जण तर म्हणाले पाच वर्षांनी बंदच करू. कोणाचं ऐकू?

उत्तर: तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, गाइडलाइनच वेगवेगळ्या आहेत. क्योटोवाले म्हणतात 2 सेंटिमीटरच्या आतली शांत सिस्ट असेल तर एकदा सहा महिन्यांनी बघा आणि बदल नसेल तर दर 18 महिन्यांनी. युरोपवाले पहिलं वर्ष सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी, तेही पेशंट ऑपरेशन झेपण्यासारखा असेपर्यंत. अमेरिकेतल्या 2015 च्या त्या जुन्या गाइडलाइनमध्ये बदल नसेल तर पाच वर्षांनी थांबा असं आहे, त्यावर तिथल्याच बऱ्याच डॉक्टरांनी नाकं मुरडली होती. मुंबईवाले सहा महिन्यांनी बोलावतात तो बहुधा पहिलाच चेक असेल. तो झाला, बदल नाही, तर मग दीड वर्षावर जायला हरकत नसावी, मी तरी जाईन. पाच वर्षांनी बंद करण्याबद्दल मी थोडा सावध आहे, आयपीएमएन असलेल्यांना सिस्टपासून लांब, पॅन्क्रियाजच्या दुसऱ्याच कोपऱ्यात कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत. आई पंचाऐंशीची होऊन ऑपरेशन झेपण्याच्या पलीकडे गेली की मात्र स्कॅन थांबवावेत, सापडून करणार काय?

खरी गडबड दोन देशांत फिरताना होते ती वेगळीच. मुंबईत 16, तिकडे 18, आणि सगळे हादरतात. मशीन वेगळं, मोजणारा वेगळा, एकाने आडवं मोजलं एकाने तिरकं, एक-दोन मिलिमीटर तिथेच जातात. वर्षाला अडीच मिलिमीटर किंवा जास्त वाढ असेल तर क्योटोच्या हिशोबाने ती काळजीची खूण, पण ती जुने फोटो शेजारी ठेवून मोजलेली हवी. म्हणून नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. सगळ्या सीडी. आणि नवीन रेडिओलॉजिस्टला सांगा की जुन्याशी ताडून लिहा.

प्रश्न (अकोला): ट्रान्सप्लांटला आठ वर्षं झाली, क्रिएटिनिन 1.9 आहे. सिस्टसाठी दर वेळी कॉन्ट्रास्ट घालून एमआरआय सांगतात. किडनीचं काय?

उत्तर: दर वेळी कॉन्ट्रास्ट लागतोच असं नाही. सिस्टचा आकार आणि नळीची रुंदी साध्या एमआरसीपीत, काही न टोचता, छान दिसते. कॉन्ट्रास्ट लागतो तो आत गाठ दिसतेय आणि ती जिवंत पेशींची आहे की नुसता म्यूकसचा गोळा हे ठरवायला. तेव्हा शांत सिस्टचा नेहमीचा फॉलोअप साध्या एमआरसीपीवर चालेल का असं तुमच्या डॉक्टरांना विचारा, बरेच जण हो म्हणतील. गरज पडलीच तर एमआरआयचे नवीन कॉन्ट्रास्ट किडनीच्या पेशंटसाठी पूर्वीपेक्षा बरेच सुरक्षित आहेत, सीटीचा कॉन्ट्रास्ट मात्र 1.9 वर उगाच नको. आणि जाण्याआधी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा, टेक्निशियन तोच पहिला मागतो.

प्रश्न (रत्नागिरी): तिखट, मसालेदार खाल्ल्याने सिस्ट वाढते किंवा फुटते का? घरचे मासे पण बंद करायला निघालेत.

उत्तर: नाही. तिखटाचा आणि सिस्टचा संबंध नाही. मासे नीट शिजवलेले खा, ट्रान्सप्लांटमुळे कच्चं आणि अर्धवट शिजलेलं तेवढं टाळायचं, आणि ते सिस्ट नसती तरी टाळायचंच होतं. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की "दिवसाला चार-पाच सिगरेटी सोडून बाकी काही व्यसन नाही". मासे राहू द्या, त्या सिगरेटी बंद करा. पॅन्क्रियाजच्या कॅन्सरच्या ज्या कारणांवर आपला हात चालतो त्यात सिगरेट सगळ्यात वर आहे, आणि गोळ्या चालू असताना तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा धोकाही तीच वाढवते. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, निकोटिनच्या च्युइंगम आणि पॅच मिळतात, सुटायला मदत होते.

पोटात वरच्या भागात दुखून पाठीत कळ जायला लागली, लघवी गडद पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा.